वृक्षांचें ऋण व तें मानण्याचे विधि

ज्येष्ठी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीं सायंकाळीं चिंचवडच्या बाजारांत एक फेरी मारावी. भाजीच्या गाड्यांशेजारीं वडाच्या फांद्यांचे भारे येऊन पडलेले दिसतात. आंबे, हळदकुंकू, काळे मणी, सुताच्या गुंड्या आणि त्यांच्या जोडीला वीतभर लांबीची वडाची डहाळी, असा पूजेचा सगळा संच एकाच ठिकाणीं मिळतो. दुसऱ्या दिवशीं ती डहाळी घरोघर पाटावर अथवा कुंडींत उभी राहते, तिच्याभोंवतीं सूत गुंडाळलें जातें, आणि तिसऱ्या दिवशीं ती सुकून कचऱ्याच्या गाडींत जाते. ज्या वृक्षाला दीर्घायुष्याचा पुतळा मानावयाचें आणि ज्याच्यापाशीं पतीचें आयुष्य मागावयाचें, त्याचाच हात तोडून घरीं आणावयाचा, ही गोष्ट विचित्र खरीच.

दोन वर्षांपूर्वीं मीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईस भीत भीतच याविषयीं विचारलें. ती म्हणाली, “गुरुजी, आमच्या आळीच्या तोंडाशीं मोठा वड होता. रस्ता रुंद करतांना तो गेला. आतां वडाकडे जायचें म्हटलें तर कुठें जायचें? म्हणून वडालाच घरीं आणावें लागतें.”

या उत्तरानें मी निरुत्तर झालों. उपदेश करण्याच्या तयारीनें गेलेल्या शिक्षकास असा प्रसंग येणें हितकारकच असतें. दोष बाईंचा नव्हता. व्रत राहिलें होतें, वृक्ष गेला होता. तेव्हांपासून माझ्या मनांत हा प्रश्न घोळत राहिला कीं, झाडांचे उपकार मानण्याचे जे विधि आपल्या पूर्वजांनीं घालून दिले, त्यांत नेमकें काय होतें, आणि आपल्या हातून त्यांतलें काय निसटलें?

आपण ज्या भागांत राहतों त्या भागाचीं नांवेंच पाहा. पिंपळावरून पिंपरी, चिंच आणि वड यांवरून चिंचवड, असें जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख हीं तिन्ही गांवें पिंपळाचें नांव मिरवतात. निगडी हें तर निर्गुडीच्या झुडपाचेंच एक नांव होय. चऱ्होलीकडे वडमुखवाडी आहे. चाकणच्या बाजूस आंबेठाण आहे, शेलपिंपळगांव आहे, आणि महाळुंगें म्हणतांच महाळुंगाचें आंबट फळ आठवल्यावांचून राहत नाहीं. गांव वसवितांना माणसांनीं आधीं झाड पाहिलें, मग घर बांधलें, असें या नांवांवरून वाटतें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, १९७० सालीं नगरपालिका आली आणि १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. पुढें चाकणच्या माळावर मोटारींचे प्रचंड कारखाने निघाले. या कारखान्यांनीं हजारों कुटुंबांच्या चुली पेटत ठेविल्या आहेत. हें लिहिणाऱ्याचें पोटही अशाच कुटुंबांतील मुलांना शिकवून भरतें. तेव्हां कारखान्यांस नांवें ठेवण्याचा येथें हेतु नाहीं. पण पत्त्यावर झाडाचें नांव लिहिणाऱ्या किती मुलांनीं तें झाड पाहिलें आहे, हें वर्गांत विचारून पाहावें. मीं विचारलें होतें. निर्गुडी एकालाही ओळखतां आली नाहीं.

आतां वडाकडे वळूं. सावित्रीची कथा महाभारताच्या वनपर्वांत आली आहे, ती सर्वांस ठाऊकच आहे. परंतु व्रतासाठीं वडच कां निवडला, याचें उत्तर झाडाच्या स्वभावांत शोधावें लागतें. वड फांद्यांवरून पारंब्या सोडतो. पारंबी जमिनीस लागली कीं तिचें खोड होतें, आणि मूळ खोड गेलें तरी वृक्ष जगतो. हावडा येथील वनस्पति-उद्यानांतील प्रसिद्ध वटवृक्षाचें मुख्य खोड बुरशीनें सडल्यामुळें १९२५ सालीं काढून टाकावें लागलें. तो वृक्ष आजही आपल्या पारंब्यांवर उभा असून लांबून एखाद्या वनासारखा दिसतो. आयुष्य मागण्यास याहून योग्य दाता कोणता मिळणार?

शिवाय वड हा एकटा कधींच नसतो. त्याचें जें लाल फळ आपण पाहतों त्याच्या पोटांत शेंकडों बारीक फुलें असतात, आणि त्या फुलांपर्यंत पोंचणारा कीटक चिलटाहूनही लहान असतो. वडाचा कीटक निराळा, पिंपळाचा निराळा, उंबराचा निराळा. कीटकावांचून झाडास बीं धरत नाहीं आणि झाडावांचून कीटकास अंडीं घालावयास जागा नाहीं. या कीटकाचें आयुष्य अवघें एकदोन दिवसांचें असल्यामुळें भोंवतालच्या वडांपैकीं कोठेंतरी, कोणत्यातरी झाडावर, बाराही महिने फळ धरावें लागतें. म्हणून इतर झाडें रिकामीं असतात तेव्हांही तांबट, मैना, बुलबुल, वटवाघळें यांना वड-पिंपळ पोसतात. एक वड पडला म्हणजे एक सावलीच गेली असें नाहीं. पुष्कळांचें अन्नछत्र बंद झालें.

पूर्वींचा विधि असा होता कीं बायकांनीं उपास करून, नटूनथटून, घराबाहेर पडून वडापर्यंत चालत जावें, त्यास पाणी घालावें, सूत गुंडाळीत प्रदक्षिणा कराव्या, आणि परत यावें. या सर्वांत झाडाकडून कांहींच न्यावयाचें नव्हतें. उलट पाणी द्यावयाचें होतें. आणि ज्या वृक्षास वर्षांतून एकदां गांवांतील साऱ्या सुवासिनी प्रदक्षिणा घालतात, त्यावर कुऱ्हाड उगारण्यास कोण धजणार? व्रताच्या पोथींत हें कलम लिहिलेलें नसेल. परंतु गांवाच्या मनांत तें होतें.

आपल्या बहुतेक जुन्या विधींच्या पोटांत असा एक आवर घातलेला आढळतो. झाडाचें जें घ्यावयाचें तें विचारून घ्यावें, आणि कांहीं झाडें तर मुळींच घेऊं नयेत. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मूर्तीसाठीं लांकूड आणण्यास वनांत शिरण्याचा एक स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. निवडलेल्या झाडाची रात्रीं पूजा करावी, त्यावर राहणाऱ्या भूतमात्रांस दुसरीकडे वस्ती करण्याची विनंती करावी, आणि मग सकाळीं कुऱ्हाड चालवावी, असा त्यांतील क्रम आहे. त्या भूतांवर आपला विश्वास असो वा नसो. झाडावर घरटीं असतात, ढोलींत पोपट असतात, आणि एक रात्र थांबलें असतां तोडणाराचा हात थोडा विचारी होतो, येवढें तरी खरें.

याहून व्यवहारी पुरावा पाहिजे असल्यास तो मराठी राज्याच्या कागदांतच आहे. रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लागणाऱ्या लांकडाचा विषय आला आहे. आंबे-फणसांचें लांकूडही उपयोगी पडेल, पण त्यांस हात लावूं देऊं नये, असें तेथें बजावलें आहे. कारण हीं झाडें वर्षादोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, आणि तीं तोडल्यावर तिच्या दुःखास पार राहत नाहीं. एखादें झाड फारच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याचा संतोष करून मगच तोडावें, बळजोरी करूं नये. ज्या चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध दीड महिन्याहून अधिक काळ झुंजविला, त्याच चाकणच्या शिवारांतील आंब्याची काळजी पुढच्या पिढीनें अशी वाहिली. तलवारीचा इतिहास आपण पाठ करतों. हें कलम मात्र परीक्षेंत क्वचितच विचारलें जातें.

आवराचें सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे देवराई. चाकण ज्या खेड तालुक्यांत आहे त्याच्या पश्चिम टोंकास भीमाशंकर आहे, आणि तेथून आंबेगांव, जुन्नर, मावळ, मुळशी या तालुक्यांच्या डोंगरांत देवाच्या नांवानें राखलेल्या राया अजून सांपडतात. आंबेगांव तालुक्यांतील आहुप्याची देवराई त्यांपैकीं विशेष प्रसिद्ध आहे. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील अशा राया पायीं हिंडून पाहिल्या, आणि त्यांच्या लेखांमुळें शास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे वळलें. देवराईचा नियम कडक असतो. जिवंत झाड तोडावयाचें नाहीं हें तर झालेंच. पुष्कळ ठिकाणीं वाळून पडलेली काटकीही चुलीसाठीं उचलावयाची नसते. गांवाच्या कामास लांकूड लागलेंच तर आधीं देवाचा कौल घ्यावयाचा. मूर्तीस लाविलेली कळी अथवा पाकळी ज्या बाजूस पडेल त्यावरून देवाचा होकार किंवा नकार समजावयाचा, आणि नकार आला तर निमूटपणें परत फिरावयाचें.

याचा परिणाम डोळ्यांनीं पाहण्यासारखा आहे. आजूबाजूचा डोंगर उघडा पडला तरी देवराईंत गारंबीसारख्या अजस्र वेली झाडांवरून लोंबत असतात, पायाखालीं पानांचा जाड थर असतो, आणि अनेक राईंच्या पोटांतून झरा निघतो, तो उन्हाळ्यांतही आटत नाहीं. पानांचा थर पावसाचें पाणी धरून ठेवतो व सावकाश सोडतो, हें त्याचें कारण. भीमेचा उगम अशाच रानांत आहे. वर्षांतून एकदां जत्रेच्या दिवशीं गांव तेथें जमतो, नारळ फुटतो, नैवेद्य होतो. तो एक दिवस झाला आभाराचा. खरा विधि उरलेल्या तीनशें चौसष्ट दिवशीं चालतो, आणि तो कांहीं न करण्याचा असतो.

आपल्या शेजारींही अशी दोन झाडें आहेत, त्यांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आळंदीस ज्ञानेश्वरमहाराजांच्या समाधीपाशीं अजानवृक्ष आहे. या जातीच्या झाडास दातरंग असेंही म्हणतात. १२९६ सालीं महाराज समाधिस्थ झाले. पुढें सुमारें तीनशें वर्षांनीं एकनाथमहाराजांस स्वप्न पडलें कीं अजानवृक्षाची मुळी ज्ञानदेवांच्या कंठास लागली आहे, ती येऊन काढावी. आणि नाथ पैठणाहून आळंदीस आले, अशी कथा वारकरी सांगतात. १५८४ सालीं नाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तिच्याशीं ही कथा जोडलेली आहे. मला या कथेंत एक गोष्ट फार आवडते. मुळी काढली, पण वृक्ष तोडला नाहीं. आजही लोक त्याच्या सावलींत पारायणास बसतात, आणि गळून पडलेलें पान वा फळ प्रसाद म्हणून वेंचतात. दुसरें झाड देहूची नांदुरकी. वृक्षवेलींस आपलें गणगोत मानणाऱ्या तुकारामबुवांचें वैकुंठगमन जेथें झालें असें मानतात तेथें ती उभी आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे बीजेच्या दिवशीं, भर दुपारीं ती हलते अशी श्रद्धा असून हजारों माणसें त्या क्षणीं तिच्याकडे डोळे लावून फुलें उधळतात. एका झाडाकडे येवढा समुदाय एकाच वेळीं मान वर करून पाहतो, असा दुसरा प्रसंग मला तरी ठाऊक नाहीं.

दसऱ्याची स्थिति मात्र वडाच्या पौर्णिमेहूनही वाईट झाली आहे. रघुराजा आणि कौत्स यांच्या कथेवरून आपट्याचें पान सोनें म्हणून वाटण्याची चाल पडली. पूर्वीं सीमोल्लंघन करून शिवेबाहेरच्या आपट्याची पूजा होई व चार पानें घेऊन लोक घरीं येत. आतां झाड कोठें आहे हें कोणासच माहीत नसतें. गाडीवर ढीग येतो. त्यांतही मौज अशी कीं पुष्कळदां तो आपटा नसून कांचन असतो. दोहोंचीं पानें मधोमध चिरल्यासारखीं, परंतु आपट्याचें पान लहान, जाड व खरबरीत, कांचनाचें मोठें व मऊ. म्हणजे उपकार मानावयाचे एकाचे आणि ओरबाडावयाचें दुसऱ्यास! एकादशीच्या सकाळीं हें सारें ‘सोनें’ रस्त्याच्या कडेला झाडूनें लोटलेलें दिसतें.

त्याच सणांत आपल्या कारखान्यांत जें घडतें तें पाहून मात्र मला समाधान वाटतें. खंडेनवमीस किंवा दसऱ्यास कामगार यंत्रें पुसून लख्ख करतात, त्यांस झेंडूच्या माळा घालतात, आणि जें यंत्र रोज पोट भरतें तें त्या दिवशीं बंद ठेवून त्यापुढें हात जोडतात. यंत्रास एक दिवसाची विश्रांति, हाच त्या पूजेचा गाभा. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यानें पेनिसिलिन केलें, तें मुळांत एका बुरशीचें देणें. आणि जगांत मोठ्या प्रमाणावर वापरलेली बुरशीची जात १९४३ सालीं अमेरिकेंतील पिओरिया गांवीं एका नासक्या खरबुजावर सांपडली होती. इतक्या लेंकरांचे प्राण वांचविणाऱ्या त्या बुरशीस एकदां तरी झेंडूचें फूल मिळावयास हरकत नव्हती.

धर्म निरनिराळे असले तरी ही भावना कोणा एकाची नाहीं. मराठी बोलणारे आपले बेनेइस्राएल बांधव वृक्षांच्या नववर्षाच्या दिवशीं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, अलिबागजवळील खंडाळें गांवीं एलियाहू हनाबीच्या टाप्याच्या दर्शनास जातात; पोहे, गूळ किंवा साखर, खोबरें आणि फळें यांचा मलिदा करून देवाचे आभार मानतात. मुंबई, ठाणें व वसई या भागांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आगेरा करतात. भाताच्या नव्या लोंब्या देवळांत आणून त्यांवर आशीर्वाद मागतात. कोंकणांत नव्या लोंब्यांचें तोरण दारावर बांधल्यावांचून नवें धान्य खात नाहींत. या तिन्हींत समान असें हें आहे कीं पहिला घास आपला नव्हे. थांबावयाचें, मग जेवावयाचें.

नवीन काळानें याच्या उलट बाजूचा एक विधि काढला, तोही चांगला आहे. अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत १० एप्रिल १८७२ रोजीं वृक्षारोपणाचा पहिला दिवस पाळला गेला. आपल्याकडे १९५० सालीं केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सव सुरू केला. झाडापासून न घेण्याबरोबर झाड देण्याची ही रीत शाळाशाळांतून रूढ झाली. फक्त लावलेल्या रोपास मार्च-एप्रिलांत पाणी कोणीं घालावें, हा विषय समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेवर सहसा नसतो.

कौलाचीही नवी आवृत्ति निघाली आहे. महाराष्ट्रांत शहरांतील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ सालीं झाला. झाड तोडावयाचें असल्यास वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते, आणि ती सूचना त्या झाडावरच दिसेल अशी चिकटवावी लागते, म्हणजे कोणाची हरकत असल्यास त्यास सांगतां यावी. २०२१ सालीं या कायद्यांत दुरुस्ति होऊन पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसावृक्ष म्हणून अधिक संरक्षण मिळालें. झाडाच्या अंगावर चिकटलेला तो कागद पाहिला म्हणजे मला वराहमिहिराची ती एक रात्र आठवते. अंतर इतकेंच कीं त्या काळीं विनंती पक्ष्यांस व भुतांस केलेली असे, आणि आतां ती आपणांस केलेली असते. विद्यार्थ्यांनीं आणि पालकांनीं असा कागद दिसतांच थांबून तो वाचावा.

आतां पहिल्या बाईंकडे परत येतों. वड गेला तर काय करावें, हा त्यांचा प्रश्न मीं एका जुन्या माळ्यापुढें मांडला. तो म्हणाला, वडास बियाण्याची वाट पाहत बसूं नका. मनगटाएवढा जाड आणि पुरुषभर उंचीचा फोक घ्यावा, पानें काढून टाकावीं, वरच्या कापास शेण लिंपावें, आणि मृगाच्या पावसांत हातभर खोल रोवावा, बहुधा फुटतोच. बाजारांतील कोंवळी डहाळी मात्र कांहीं केल्या रुजणार नाहीं. आणि पाहा, ज्येष्ठाची पौर्णिमा येते तीही नेमकी मृगाच्याच सुमारास.

त्या वर्षीं वळवाच्या वादळांत रस्त्याकडेच्या एका वडाची मोठी फांदी मोडून पडली होती. तिच्यांतला एक सरळ फोक आम्हीं परवानगी मागून आणला आणि शाळेच्या मैदानाच्या पलीकडील कोपऱ्यांत, इमारतीपासून पुष्कळ दूर, रोवला. वडाचीं मुळें भिंतींस मानवत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. पहिले तीन आठवडे नुसतें लांकूड उभें होतें. मुलांनीं त्यास ‘गुरुजींची काठी’ असें नांवही ठेविलें. नंतर वरच्या बाजूस एक तांबूस टोंक फुटलें. उन्हाळ्याच्या सुट्टींत पाणी घालण्यासाठीं सहावीच्या मुलांनीं पाळ्या लाविल्या, आणि दोन पाळ्या चुकल्या तरी झाड जगलें.

गेल्या ज्येष्ठी पौर्णिमेस त्या बाई आणि आळींतल्या आणखी सातआठ जणी तांब्या व सूत घेऊन तेथें आल्या. झाड तेव्हां माणसाच्या खांद्याइतकें सुद्धां रुंद नव्हतें आणि पानें मोजून एकवीस होतीं. पाणी घालून झाल्यावर बाईंनीं सूत हातीं घेतलें. तोंच पाळीवरचा एक मुलगा पुढें होऊन म्हणाला, “काकू, दोरा सैल गुंडाळा. घट्ट बांधलात तर साल कापेल.” त्यांनीं सूत काढून पुन्हां सैल गुंडाळलें, आणि चार दिवसांनीं येऊन तें सोडवून नेलें.